पान तीनशे चाळीस

पहिली साठ पानं मी नुसती चिडत होते.
राजाच्या पणज्याचं नाव राजाचंच,
घोड्याला तीन नावं, नदीला चार,
आणि नकाशा असा दुमडलेला
की उत्तरेकडची सगळी राज्यं शिवणीनं गिळलेली.
परत करणार होते. पण बोट आली नाही.
फेरोच्या ह्या टोकाच्या बेटावर जानेवारीत
वारा ठरवतो, कोण काय परत करणार ते.

मग पुन्हा उघडलं. हातांना माशांचा वास,
तीनदा साबण लावूनही न जाणारा,
म्हणून पानं नखाच्या टोकानं उलटत होते.
एकसष्टाव्या पानावर नावाड्याची मुलगी आली,
यिल्मे, वय सांगितलेलं नाही,
आणि पहिल्याच वाक्यात तिनं राजदूताकडे
भाडं आगाऊ मागितलं.
तिथे मी बूट काढले.

समासात कुणीतरी पेन्सिलनं लिहिलेलं होतं.
फार नाही. 'ह्याच्यावर विश्वास नको.'
'ही तीच अंगठी?' 'उंदीर लक्षात ठेव.'
म्हातारा माळी मरतो तिथे
काहीच नाही, फक्त टोक मोडल्याचा ठिपका.
आधी राग आला. माझ्यापुढे कुणीतरी चालतंय,
माझ्या बर्फावर पावलं उमटवत.
मग सवय झाली. उंदीर आला तेव्हा
मी मोठ्यानं म्हणाले, 'हो, आहे लक्षात,'
आणि घरात दचकायला फक्त किटली होती.

तीनशे चाळीसनंतर समास कोरे.
पुढे तेवीस पानं होती.
तेवीस पानं कोण सोडतं?

त्या तेवीस पानांत तो पूल आहे,
दरीवरचा, खोटं बोललेल्यांनाच पेलणारा.
खरं बोलणारे थेट खाली.
सैन्य आरामात गेलं. पुरोहित गेले, गाणी म्हणत.
आणि यिल्मे, जिनं सबंध पुस्तकभर
कुणाला बरं वाटावं म्हणून एक अक्षर काढलं नाही,
ती काठावर उभी. मागे आग.
ती पाऊल उचलते, तोंड उघडते,
आणि 'पहिला भाग समाप्त.'

रात्रीचे अडीच. पुस्तक भिंतीवर फेकणार होते,
पण ते ग्रंथालयाचं.

ग्रंथालय म्हणजे शाळेमागची खोली, एक हीटर
आणि बेर्गल्योत. तिनं कार्ड काढलं.
'दुसरा भाग? मागवलाय की.
अकरा वर्षं झाली. यायचाय.'
कार्डावर माझ्याआधी एकच नाव.
हानुस.

हानुस नऊ वर्षं माझ्या शेजारी उभा राहतो.
तो डोकी उडवतो, मी काटे काढते,
मध्ये पट्टा फिरत राहतो.
सुट्टीत तो भिंतीकडे तोंड करून पाव खातो.
मला वाटायचं, ह्या माणसाच्या आत
कॉड आणि हवामान, एवढंच असेल.

सोमवारी मी यंत्राच्या आवाजावर ओरडले,
'तेवीस पानं का सोडलीस?'

त्यानं सुरी खाली ठेवली.
एक मासा डोक्यासकट पुढे निघून गेला.
'दुसरा येईपर्यंत थोडं शिल्लक असू दे म्हटलं,'
तो म्हणाला. 'खोपटात मांस टांगून ठेवतो, तसं.'
मग कानावरचं पिवळं झाकण एका बाजूनं उचललं,
जणू उत्तर त्याच बाजूनं येणार होतं.
'ती पलीकडे पोचते ना?'

आणखी दोन डोकी गेली.
आमच्या बेटावर खोटं ठेवायला जागा नाही,
संध्याकाळपर्यंत गावभर होतं.
'पोचते,' मी म्हणाले.

पायाखालची ओली लोखंडी जाळी
जराशी करकरली,
आणि तिनं मला पेललं.